विकलेल्या नावाचे धनी कोण?

एखाद्या उद्योजकाने आपला चालता धंदा बलाढ्य कंपनीला विकला की त्याला किती कोटी मिळाले याची चर्चा चार दिवस रंगते. पाचव्या दिवसापासून त्या माणसाचे काय होते आणि त्याच्याबरोबर राबलेल्यांचे काय होते, हे विचारायला कोणी थांबत नाही. मुंबईच्या पार्ले कंपनीने 1993 साली कोका-कोलाला केलेल्या विक्रीला आता तीन दशके उलटली आहेत. त्या व्यवहाराचा हिशेब या बाजूने मांडून पाहणे उद्बोधक ठरेल.

परकीय कंपन्यांनी आपला भागभांडवलाचा वाटा 40 टक्क्यांवर आणावा, असे बंधन 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याने घातले होते. ते न मानता कोका-कोलाने 1977 साली भारत सोडला. जनता सरकारात उद्योगखाते सांभाळणारे जॉर्ज फर्नांडिस या प्रश्नावर ठाम राहिले. मोकळ्या झालेल्या बाजारात रमेश चौहान आणि त्यांचे बंधू प्रकाश यांनी त्याच वर्षी थम्स अप आणले. गोल्ड स्पॉट, लिम्का आणि माझा यांच्या जोडीने या पेयाने बाजार काबीज केला. चौहान बंधूंची कल्पकता आणि धडाडी नाकारण्याचे काहीच कारण नाही. परंतु ज्या मोकळ्या जागेत हे रोप वाढले ती जागा लोकशाही मार्गाने ठरलेल्या राष्ट्रीय धोरणाने निर्माण केली होती. गावोगावचे बाटल्या भरणारे कारखानदार, त्यांच्याकडील कामगार आणि टपरीवर बर्फाच्या पेटीत बाटल्या थंड करून विकणारे लाखो छोटे दुकानदार यांनी त्याला पाणी घातले होते.

1990 साली पेप्सी बाजारात आली आणि 1991 नंतर अर्थव्यवस्थेची दारे उघडली. कोका-कोला परतणार हे स्पष्ट झाले तेव्हा चौहानांपुढची अडचण खरी होती. बाटल्या भरणारे बहुतेक कारखाने त्यांच्या मालकीचे नव्हते. अमर्याद भांडवल पाठीशी असलेली कंपनी त्या कारखानदारांना आपल्याकडे वळवू शकत होती. तसे झाले असते तर नाव उरले असते, पण ते नाव लावायला बाटली उरली नसती. ही विक्री केवळ लोभाने झाली असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. विषम बळाच्या दोन पक्षांत झालेल्या सौद्याला ‘खुल्या बाजारातील स्वेच्छा व्यवहार’ असे गोंडस नाव देणे मात्र तितकेच खोटे आहे.

विक्रीनंतर काय झाले? गोल्ड स्पॉट बंद झाले आणि त्याची जागा नव्या मालकाच्या फँटाने घेतली. थम्स अपलाही प्रारंभी दुय्यम वागणूक मिळाली. ग्राहकांनी आपली आवड सोडली नाही, म्हणून ते टिकले आणि 2021 साली त्याची वार्षिक उलाढाल 1 अब्ज डॉलरवर गेली. ज्यांनी ते जन्माला घातले त्यांना यातील एकाही निर्णयात शब्द टाकण्याचा अधिकार नव्हता. रमेश चौहानांनी उरलेले आयुष्य 1969 साली घेतलेल्या बिसलरीच्या बाटलीबंद पाण्याला दिले आणि 2016 साली पुन्हा नवी शीतपेये आणून पाहिली. 2022 साली वयाच्या 82 व्या वर्षी त्यांनी बिसलरीही टाटा समूहाला विकण्याची बोलणी केली. मार्च 2023 मध्ये ती बोलणी थांबली आणि धंदा कन्येकडे राहिला. पैशाने भरून न येणारे काहीतरी विक्रीबरोबर जाते, याचा अनुभव ज्याने एकदा घेतला त्याचा हात दुसऱ्या वेळी अडखळला असेल, तर त्यात नवल नाही.

तथापि विक्रेत्याच्या पदरात निदान किंमत पडते. इतरांच्या पदरात काय पडते? गुजरातमधील एका बाटल्या भरणाऱ्या कंपनीचे भाग पेप्सीच्या बाजूला गेले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. करार चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा माल भरता येणार नाही, ही अट न्यायालयाने 1995 साली ग्राह्य धरली. नाव कोणाला विकावे हे ठरवताना कारखानदाराला कोणी विचारत नाही. नव्या मालकाशी तो बांधला मात्र जातो. कामगाराची स्थिती याहून बिकट आहे. कारखाना हस्तांतरित झाला तर नोकरीचे सातत्य किंवा भरपाई, एवढे संरक्षण औद्योगिक विवाद कायद्याने त्याला दिले होते. पण येथे कारखाना विकलाच जात नाही. विकले जाते ते फक्त नाव. त्या नावात कामगाराचाही घाम आहे, हे कोणत्याच खतावणीत नोंदलेले नसते.

व्यापारी ज्याला ‘गुडविल’ म्हणतात, ते मूल्य अनेकांच्या श्रमातून आणि समाजाच्या विश्वासातून साठते. विकण्याचा हक्क मात्र एकट्या भागधारकाकडे राहतो. याला पर्याय नाही असे नाही. अमूल हे नाव दूध उत्पादकांच्या सहकारी संघाच्या मालकीचे असल्यामुळे ते कोणा एका व्यक्तीला विकता येत नाही. सहकाराचा शिक्का मारला म्हणजे सारे साधले असेही नव्हे. महाराष्ट्रातील अनेक सहकारी साखर कारखाने सभासदांच्या डोळ्यांदेखत खासगी हातांत गेले आहेत. सभासद जागा नसेल तर मालकी कागदावरच राहते.

म्हणून मागणी साधी आहे. मोठ्या नाममुद्रेचे हस्तांतरण करण्यापूर्वी कामगारांना आणि त्या नावावर अवलंबून असलेल्या लहान कारखानदारांना पूर्वसूचना मिळावी, त्यांचे म्हणणे ऐकले जावे आणि आलेल्या किमतीत कामगारांचा वाटा कायद्याने ठरावा. उद्योजकाला आपल्या कर्तृत्वाचे मोल जरूर मिळो. मात्र जे अनेकांनी मिळून घडविले त्याची किंमत एकट्याने घ्यावी, हा नियम निसर्गाने घालून दिलेला नाही. तो माणसांनी केलेला आहे आणि माणसांनीच तो बदलायचा आहे.