रिकामा शिकारा आणि आपला अ‍ॅडव्हान्स

२०२१ मध्ये दुसरी लाट ओसरू लागल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेशांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. काश्मीर उघडले म्हणतात, मग जावे का? काहींचा प्रश्न वेगळा होता. गेल्या वर्षी जायचे होते, जाता आले नाही, भरलेले पैसे परत कसे मिळवावेत? एका भगिनीने तर चिडून लिहिले आहे, "एजंट म्हणतो, पैसे काश्मीरच्या हॉटेलवाल्याने खाल्ले. दीड वर्ष होत आले, आम्ही फोनच करतोय." हॉटेलवाल्याने पैसे खाल्ले की त्याच्याच घरी खाण्याची पंचाईत झाली, हे समजून घेतल्याशिवाय दोन्ही प्रश्नांचे उत्तर देता येणार नाही. म्हणून या महिन्यात मुलांच्या अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून आम्ही थोडे उत्तरेकडे वळतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा आपण भांबावलो, कारण असे काही आपण पाहिलेच नव्हते. श्रीनगरच्या शिकारावाल्याने ते सात महिने आधीच पाहिले होते. २ ऑगस्ट २०१९ रोजी सरकारने अमरनाथ यात्रेकरूंना आणि पर्यटकांना खोरे सोडून जाण्याची सूचना काढली. तीन दिवसांनी राज्याचा विशेष दर्जा गेला. फोन बंद, इंटरनेट बंद, बाजार बंद. ती सूचना १० ऑक्टोबरला मागे घेतली गेली, पण हातचा हंगाम गेला तो गेलाच. काश्मीरच्या व्यापारी चेंबरने त्या चार महिन्यांतले खोऱ्याचे नुकसान १७,८७८ कोटी रुपये मोजले होते. मोबाइलवर इंटरनेट जानेवारी २०२० मध्ये परत आले तेही टूजी. फोरजी सगळीकडे येण्यासाठी ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात फक्त दोन जिल्ह्यांना ते मिळाले होते. आज खोलीचे फोटो पाठवणे, पैसे घेणे, पावती देणे हे सगळे मोबाइलवर चालते. ज्याचा मोबाइल एक फोटो पाठवायला पाच मिनिटे घेतो, त्याने धंदा कसा करावा?

तरी २०२० च्या वसंताकडे सगळे डोळे लावून बसले होते. जबरवानच्या पायथ्याशी ट्यूलिपची बाग आहे. त्या वर्षी तिथे तेरा लाखांच्या आसपास ट्यूलिप फुलले, आणि माळ्यांखेरीज कोणी न पाहताच गळून गेले. अमरनाथ यात्रा रद्द झाली. २०२१ मध्येही रद्द झाली. यात्रेकरू हिंदू असतात आणि त्यांना घोड्यावर, पालखीत वर नेणारे बहुतांशी मुस्लिम असतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. पहलगामच्या बाजूच्या कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च त्या काही आठवड्यांच्या कमाईवर चालतो. ती कमाई २०१९ मध्ये अर्धवट राहिली आणि पुढची दोन वर्षे शून्य.

घोड्याचे आणखी एक आहे. टॅक्सी उभी राहिली तर निदान पेट्रोल पीत नाही. घोडा मात्र पर्यटक येवो न येवो, सकाळी चारा मागतोच.

मग या लोकांना मदत झाली नाही का? झाली. ती कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या देशातल्या कर्जदारांना ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तिचा फायदा तिथल्या हॉटेलवाल्यांनाही झाला. सप्टेंबर २०२० मध्ये जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी १,३५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातले सुमारे ९५० कोटी एकाच गोष्टीसाठी होते, व्यापारी कर्जदारांच्या व्याजातले पाच टक्के सहा महिने सरकार भरणार. वीज आणि पाण्याच्या बिलात वर्षभर निम्मी सूट. हस्तकलेच्या कारागिरांसाठी क्रेडिट कार्डाची मर्यादा एक लाखावरून दोन लाख. २८ जून २०२१ रोजी केंद्राच्या अर्थमंत्र्यांनी पर्यटन संस्थांना दहा लाखांपर्यंत आणि परवानाधारक गाइडना एक लाखापर्यंत कर्जाची हमी जाहीर केली. देशभरातले १०,७०० गाइड त्यात धरले होते.

हे काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पॅकेजमुळे पुष्कळ हॉटेलांचे खाते बुडीत जाता जाता वाचले असेल. पण वरची यादी पुन्हा वाचा. व्याजात सवलत कोणाला? ज्याच्यावर बँकेचे कर्ज आहे त्याला. बिलात सूट कोणाला? ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला. हमी कोणाला? ज्याच्याकडे परवाना आहे त्याला, आणि तीही आणखी कर्ज काढायची हमी. फी भरता येत नाही म्हणून शाळा सोडणाऱ्या मुलाला पुढच्या इयत्तेची फी उधार देण्यासारखे हे आहे. दुसऱ्याचा शिकारा रोजाने वल्हवणारा, हॉटेलात चादरी बदलणारा, गुलमर्गच्या बर्फात घसरगाडी ओढणारा, घरात बसून शालीवर सोजनीचे टाके घालणारी बाई, यांच्याकडे यातले काहीच नसते. त्यांचे देणे बँकेत नसून वाण्याच्या वहीत असते.

थेट हातात पैसे देण्याचा प्रयत्नही झाला. मे २०२१ मध्ये नोंदणीकृत बांधकाम मजूर, घोडेवाले, पालखीवाले आणि पाठीवर ओझे वाहणारे पिट्ठू यांना दरमहा एक हजार रुपये, दोन महिने देण्याचे जाहीर झाले. दिशा बरोबर होती. रक्कम आपणच आपल्या घरखर्चाशी ताडून पाहावी. आमच्या मते संकटात मदत करायची असेल तर आधी खालच्या माणसाच्या हातात रोख पोचली पाहिजे. मालकाचे व्याज त्यानंतर.

एक गोष्ट मात्र सरकारने आणि लोकांनी मिळून चांगली केली, ती लसीची. दल सरोवरात शेकडो हाऊसबोटी आहेत आणि आतल्या वस्त्यांत हजारो माणसे राहतात. तिथे दवाखान्यात जायचे तरी नावेतूनच. २०२१ मध्ये आरोग्य सेविका शिकाऱ्यात बसून लसीचे डबे घेऊन घरोघर फिरल्या. त्याआधीची एक हकीकत वर्तमानपत्रांतून आली होती. एका हाऊसबोट मालकाला २०२० मध्ये कोरोना झाला. इस्पितळातून बरा होऊन घाटावर आला तर संसर्गाच्या भीतीने कोणी त्याला आपल्या शिकाऱ्यात घेईना. समोर दिसणारे स्वतःचे घर गाठता येईना. ज्या माणसाने आयुष्यभर अनोळखी पाहुण्यांना घरात घेतले, त्याच्यावर ही वेळ आली. पुढे त्याने एक मोठी नाव बांधून घेतली, तिच्यात स्ट्रेचर आणि चाकाची खुर्ची ठेवली आणि तिची अ‍ॅम्ब्युलन्स केली. पर्यटकच नसलेल्या त्या पाण्यात ही अ‍ॅम्ब्युलन्स फिरू लागली.

आम्हा शिक्षकांना आणखी एक बातमी जवळची वाटली. बडगाम जिल्ह्यातील दूधपथरी हे हिरवेगार कुरण पर्यटकांचे आवडते ठिकाण. २०२० च्या उन्हाळ्यात पर्यटक नव्हते आणि शाळाही बंद होत्या. टूजीवर ऑनलाइन वर्ग चालणे कठीणच. तिथल्या शिक्षकांनी मुलांना त्या कुरणात, ओढ्याच्या काठी, अंतर ठेवून बसवले आणि उघड्यावर शाळा भरवली. फोटो पाहून आम्हाला हेवा वाटला, हे खरे. पण सहल असती तर त्याच जागी त्या मुलांच्या घरच्यांना चहा-मक्याची चार गिऱ्हाइके मिळाली असती, हेही विसरता आले नाही.

आता आपल्या पैशांकडे येऊ. आमचेही बुकिंग एप्रिल २०२० चे होते. विमानाची रक्कम कंपनीने क्रेडिटमध्ये टाकली. बाकी अ‍ॅडव्हान्सचा एक भाग आमच्या गावच्या एजंटकडे होता आणि एक भाग श्रीनगरच्या हाऊसबोट मालकाकडे पोचला होता. एजंट टोलवाटोलवी करू लागला तेव्हा आम्ही सरळ हाऊसबोटीच्या मालकाला फोन लावला. उर्दू येत असल्याने बोलणे सोपे गेले. त्यांनी रक्कम नाकारली नाही. हंगामाआधी बोटीची डागडुजी करावी लागते, देवदाराच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येते, ते बुजवण्यातच पैसे गेले, असे ते म्हणाले. पाहुणे नाहीत म्हणून डागडुजी थांबवली तर बोट बुडते. शेवटी एवढेच म्हणाले, "जनाब, आप जब भी आएँ, कमरा आपका है।"

आमच्या घरी यावर दोन मते पडली. अम्मींचे म्हणणे, आपला पैसा हक्काचा आहे, परत मागण्यात लाज कसली. मुलांचे म्हणणे, तो माणूस आज देणार कुठून? दोन्ही बाजूंना जोर होता. आम्ही असे ठरवले की एजंटने काही काम केलेले नाही, तर त्याच्याकडचे पैसे परत घ्यायचे. हाऊसबोटीचे पैसे मात्र पुढच्या मुक्कामासाठी तसेच ठेवायचे. एजंटने तीन हप्त्यांत परत केले. मालकाकडून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट लिहून घेतले, रक्कम किती, किती रात्रींसाठी, आणि २०२२ च्या अखेरपर्यंत त्याच दराने. मुरवत वेगळी आणि हिशेब वेगळा.

ज्या भगिनीने पत्र लिहिले, त्यांनाही हाच मार्ग सुचवतो. आधी एजंटकडे हॉटेलला पैसे पाठवल्याची बँकेची नोंद मागावी. ती नसेल तर पैसे काश्मीरला गेलेच नाहीत असे समजून त्याच्याकडूनच वसूल करावेत. नोंद असेल तर हॉटेलवाल्याशी थेट बोलून तारीख पुढे न्यावी. अर्थात या काळात ज्यांची नोकरी गेली किंवा इस्पितळाचे बिल भरावे लागले, त्यांनी कसलाही संकोच न करता पूर्ण रक्कम मागावी. आपले घर रिकामे ठेवून दुसऱ्याचे भरण्याची सक्ती कोणावरही नाही.

राहिला जावे की नाही हा प्रश्न. २०२१ चा जानेवारी-फेब्रुवारी डोळ्यांसमोर ठेवा. गुलमर्गची हॉटेले भरली, तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा झाल्या, मार्चअखेर ट्यूलिपची बाग उघडली तेव्हा लाखांनी माणसे आली. लोकांना वाटले, सुटलो. आणि एप्रिल संपता संपता पुन्हा कर्फ्यू. तेव्हा तिसऱ्या लाटेची चर्चा होती. म्हणून घरातल्या मोठ्यांच्या दोन्ही लसी झाल्याशिवाय निघू नये असे आम्ही तेव्हा सांगत होतो. ताप-खोकला असताना "तिकीट वाया जाईल" म्हणून तर मुळीच निघू नये. आपण चार दिवसांत परत येतो. आपला आजार तिथे राहतो, नि त्या आजाराने बंद होणारा धंदा त्यांचा असतो. जाल तेव्हा घोड्याचे आणि शिकाऱ्याचे सरकारी दर विचारून घ्या आणि तेवढे द्या. जास्त मागितले तर जरूर नकार द्या. पण मुंबईहून विमानाने जाऊन घोडेवाल्याशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारी आपली माणसे आम्ही पाहिली आहेत.

जाणे जमणार नसेल त्यांनाही करण्यासारखे आहे. काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अक्रोड, केशर, शाल हे पोस्टाने, कुरिअरने येते. आपण शिरखुर्म्यासाठी केशर घेतोच, ते ओळखीच्या काश्मिरी दुकानदाराकडून मागवले तर मधले दोन-तीन हात वाचतात.

आणि एक उधारी आपल्याकडेच आहे. दर हिवाळ्यात काश्मिरी शालवाले आपल्या गावांत, मोहल्ल्यांत येतात, गाठोडे सोडतात, हप्त्याने माल देतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वसुली करून घरी परततात. मार्च २०२० मध्ये त्यांची वसुली तशीच राहिली. आमच्याच मोहल्ल्यात चौकशी केली तेव्हा सात घरांत बाकी निघाली, कुठे आठशे, कुठे दोन हजार. काहीजण म्हणाले, तो पुन्हा आलाच नाही, द्यायचे कोणाला? त्यांच्या बिलाच्या चिठ्ठीवर मोबाइल नंबर असतो. चिठ्ठी हरवली असेल तर शेजारणीकडे असते. आता तिकडे फोरजी सुरू आहे आणि पैसे मोबाइलवरून पाठवता येतात. सातपैकी पाच घरांनी पाठवले. उरलेल्या दोन घरांशी आमचे बोलणे चालू आहे.