पाच सेकंदांचा टायसन

२०२४ मध्ये कित्येक महिने एक क्लिप आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. साठीकडे झुकलेला माइक टायसन प्रशिक्षकाच्या पॅडवर ठोसे मारतोय. धाड, धाड, धाड. पाच-सात सेकंदांत खेळ खलास. खाली ठरलेल्या कॉमेंट्स : ‘वाघ म्हातारा झाला तरी वाघच’, ‘वय हा फक्त आकडा आहे’. मीही ती क्लिप तीन ग्रुपांवर ढकलली होती. तेव्हा पुढे जे लिहितोय, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीही आहे.

मग १५ नोव्हेंबरची लढत आली. आपल्याकडे ती शनिवारची सकाळ. टेक्सासमधलं आर्लिंग्टन, समोर यूट्यूबवरून रिंगमध्ये आलेला २७ वर्षांचा जेक पॉल. टायसन ५८ चा. राउंड आठच, तेही तीनऐवजी दोन मिनिटांचे. हातमोजे नेहमीच्या १० औंसांऐवजी १४ औंसांचे. म्हणजे वय हा फक्त आकडा नाही, हे आयोजकांना आपल्याआधी कळलेलं होतं. पूर्ण लढतीत टायसननं ९७ ठोसे फेकले, लागले १८. पॉलचे ७८ लागले. सुरुवातीचा जोर ओसरल्यावर टायसनचे पाय रिंगला चिकटल्यासारखे झाले.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘वय हा फक्त आकडा’ हे वाक्य सत्तरीत डोंगर चढणाऱ्या आजोबांना शोभतं. बॉक्सिंगमध्ये ते वाक्य म्हणजे धंदा आहे, आणि त्या धंद्याचं भांडवल असतं उतारवयातल्या बॉक्सरचा मेंदू.

आधी वेग म्हणजे काय ते बघू. आपल्याला वाटतं, वेग हातात असतो. तो हाताआधी डोळ्यात आणि डोक्यात असतो. दिवा लागला की बटण दाब, एवढ्या सोप्या कामालाही तरुण माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. चांगल्या बॉक्सरचा ठोसा तेवढ्याच वेळात येऊन आदळतो. म्हणून कसलेला बॉक्सर ठोसा बघून वाकत नाही. तो समोरच्याचा खांदा, कंबर, पायाचा चवडा वाचतो आणि ठोसा निघायच्या आत सरकतो. हे वाचन अनुभवानं वाढतं. शरीराचं आज्ञापालन मात्र घटत जातं. विशीनंतर प्रतिक्रियेचा वेळ हळूहळू वाढायला लागतो. स्नायूंमधले झटक्यात आकसणारे तंतू वयानुसार बारीक होतात, त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशीही कमी होतात. फट दिसते, पण हात तिथं पोचेपर्यंत ती बुजलेली असते.

आता पॅडवरची क्लिप पुन्हा आठवा. पॅड कुठं येणार हे टायसनला माहीत असतं. ओळखायचं काही नाही, निवडायचं काही नाही, आणि पॅड उलटून मारत नाही. ताकद सगळ्यात शेवटी जाते, असं बॉक्सिंगमधले जुनेजाणते म्हणतातच. म्हणून पाच सेकंद जुना टायसन दिसतो. क्लिप खोटी नसते. तिच्यात फक्त बॉक्सिंग नसतं.

त्यातही वय सगळ्यांना सारखं लुटत नाही. ज्याची दौलत वेगात, तो आधी कफल्लक होतो. टायसन हेवीवेटच्या मानानं बुटका. लांब हातांच्या माऱ्यातून डोकं हलवत आत घुसायचं आणि मारायचं, ही त्याची सगळी कला वेगावर उभी होती. १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवून तो विसाव्या वर्षी विश्वविजेता झाला, तो त्याच जोरावर.

हाच बर्बिक पाच वर्षांपूर्वी महंमद अलीचा शेवटचा प्रतिस्पर्धी होता. अलीचं काय झालं, हे प्रत्येक क्लिपखाली चिकटवून ठेवायला हवं. व्हिएतनाम युद्धाच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून १९६७ ते १९७० अली रिंगबाहेर होता. परतला तेव्हा पूर्वीचे नाचरे पाय नव्हते. १९७४ मध्ये किन्शासात त्यानं दोराला टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेतले, त्याला दमवलं आणि हरवलं. आपण ती युक्ती प्रतिभा म्हणून सांगतो, आणि ती होतीच. पण जो माणूस ठोसे चुकवायचा तो आता ठोसे खाऊन जिंकत होता. वेगाची उणीव तो शरीर देऊन भरून काढत होता.

२ ऑक्टोबर १९८०, लास वेगास. ३८ वर्षांचा अली पुन्हा उतरला. वजन उतरवलेलं, केस काळे, आरशात तरुण. लोकांनी तेवढंच पाहिलं. समोर लॅरी होम्स, एकेकाळी अलीच्याच सरावातला जोडीदार. दहा राउंडनंतर अँजेलो डंडीनं लढत थांबवली, तोवर तिन्ही पंचांच्या कागदावर अलीच्या नावे एकही राउंड नव्हता. त्याआधी मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली होती. एका पायावर उड्या मारणं, बोट अचूक नाकाला लावणं यात कसर दिसली होती. तरी परवाना मिळाला. पुढच्या वर्षी अमेरिकेबाहेर, बहामासमधल्या नासाऊला, बर्बिकविरुद्धची लढत झाली. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान जाहीर झालं. त्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टर वाद घालोत. अडखळणाऱ्या माणसाला रिंगमध्ये का ढकललं, यावर वाद कसला घालायचा?

‘मग फोरमनचं काय?’ हा प्रश्न येतोच. ५ नोव्हेंबर १९९४ ला ४५ वर्षांच्या फोरमननं २६ वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या राउंडमध्ये आडवं केलं. खरं आहे. पण त्याआधीचे नऊ राउंड बघा. तिन्ही पंचांच्या हिशेबात तो मागे होता, आणि मूररचा डावा-उजवा मारा तोंडावर झेलत होता. फोरमन वेगावर कधीच जगला नव्हता, म्हणून त्याचं दिवाळं उशिरा निघालं. बर्नार्ड हॉपकिन्स ४९ व्या वर्षीही विश्वविजेता होता. मिठी मारून, अंतर राखून तो समोरच्यालाच आपल्या संथ चालीवर आणायचा. त्याचाही शेवट २०१६ मध्ये, ५१ व्या वर्षी, दोरांमधून रिंगबाहेर पडून झाला. लॉटरी लागलेल्याचा फोटो दुकानावर लावतात. हरलेल्या तिकिटांचे फोटो कुणी लावत नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त दमदार आहे : त्याचं शरीर, त्याची मर्जी. टायसननं स्वतः लढतीनंतर सांगितलं की पश्चात्ताप नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आपण मरता मरता वाचलो, आठ वेळा रक्त चढवावं लागलं, हेही त्यानंच सांगितलं. मर्जीचा मान राखू. पण मर्जी हवेत तयार होत नाही. जो लुईसच्या डोक्यावर आयकराचं प्रचंड देणं होतं. म्हणून निवृत्ती मोडून परतलेल्या त्या महान बॉक्सरला १९५१ मध्ये, ३७ व्या वर्षी, रॉकी मार्सियानोनं दोरांबाहेर लोळवलं. याला मर्जी म्हणायचं की वसुली? आणि वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटी तेवढीच राहते. मधल्या शिरा ताणल्या जातात आणि फटक्यानं फाटून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हा धोका जाहिरातीच्या पोस्टरवर छापत नाहीत.

हौशी बॉक्सिंगनं निदान एक रेघ मारली आहे : चाळिशीनंतर लढत नाही. २०१८ मध्ये दिल्लीत सहावं विश्वविजेतेपद जिंकणाऱ्या मेरी कोमलाही ती रेघ चुकली नाही. भूक अजून आहे पण नियम आड येतो, असं तिनं २०२४ मध्ये बोलून दाखवलं. तिची हळहळ समजते. पण जिथं पैसा कमी तिथं रेघ, आणि जिथं पैशाचा पूर तिथं रेघच नाही, हा योगायोग मला पटत नाही.

सरसकट वयाची रेघ मला नकोच आहे, हॉपकिन्ससारखे लोक तिच्याखाली चिरडले जातील. माझी मागणी वेगळी आहे. प्रत्येक व्यावसायिक बॉक्सरची पंचविशीत प्रतिक्रियेची, तोल सांभाळण्याची, बोलण्याची आणि मेंदूची नोंद करा. पस्तिशीनंतर दरवर्षी त्याची तुलना त्याच्याशीच करा. घसरण ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की परवाना बंद, सगळीकडे. एका राज्यानं नाकारलं म्हणून दुसऱ्या देशाच्या बेटावर जाण्याची पळवाट नको.

आणि आपण? सगळा बाजार आपल्या अंगठ्यावर चालतो. पाच सेकंदांची पुढची क्लिप येईल तेव्हा ढकलायच्या आधी अलीची होम्सशी झालेली लढत शोधा. दहावा राउंड पूर्ण बघा, तीन मिनिटं. कंटाळून पुढे सरकवावासा वाटेल, कारण त्यात काहीच घडत नाही. एक माणूस ठोसा येताना बघतो आणि हलत नाही, एवढंच.