फुकट गोळीची किंमत

हृदयविकार हा सुखवस्तू माणसाचा, बैठ्या कामाचा आणि साजूक तुपाचा रोग आहे, ही समजूत खेड्यापाड्यांतून अद्याप टिकून आहे. यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्यात तिला वरवर आधारही सापडतो. कपाशी-सोयाबीनच्या शेतात दिवसभर राबणाऱ्याला निराळा व्यायाम कशाला, आणि ज्याच्या ताटात तूपच नाही त्याच्या रक्तवाहिन्या तुंबतील कशा, असा हा युक्तिवाद असतो. वैद्यकशास्त्राचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. ५२ देशांतील रुग्णांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण अशा नऊ गोष्टींत बहुतांश धोका सामावलेला असल्याचे दाखविले. त्याच सामग्रीवरून पुढे असेही दिसून आले, की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा जवळजवळ सहा वर्षे आधी येतो. शेतकरी कुटुंबात या वयाचा पुरुष म्हणजे कर्ज ज्याच्या नावावर आहे तो माणूस.

खर्ऱ्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी विदर्भात पाहुणचाराचा भाग होऊन बसली आहे. तिने तोंडाचा कर्करोग होतो हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु तंबाखू चघळणाऱ्यांतही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीच्या आसपास आढळतो, हे फारसे कुणी सांगत नाही. बिडी सोडून खर्ऱ्याकडे वळलेला माणूस आपण सुधारलो असे समजतो, हा त्यातला विपर्यास. ठेचा, लोणचे आणि पापड यांवर भाकरी खाणाऱ्याच्या पोटात मीठही बरेच जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याइतकेही नाही, एवढी मर्यादा सांगितली आहे.

या सर्वांचा मेळ रक्तदाबात होतो, आणि रक्तदाब दुखत नाही. वाढलेला दाब वर्षानुवर्षे धमनीच्या अस्तराला इजा करतो, तेथे चरबीचे थर बसतात, एखादे दिवशी असा थर फुटतो, त्यावर गुठळी जमते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. मग मात्र मिनिटे मोजावी लागतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग महागाववरूनच जातो. तरीही यवतमाळ काय किंवा नांदेड काय, मोठे रुग्णालय गाठण्यात मोलाचा वेळ रस्त्यावरच खर्च होतो. छातीतल्या कळेला ‘गॅस’ म्हणून सोडा पिण्यात गेलेला तास त्यात निराळा.

येथे शासनाच्या खर्चाची दिशा तपासणे भाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून गरिबाच्या हृदयवाहिनीत स्टेंट, म्हणजे लोकांच्या भाषेत स्प्रिंग, विनामूल्य बसते. ही योजना स्वागतार्हच आहे. २०१७ मध्ये केंद्राने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली होती. रक्तदाबाची साधी गोळी दिवसाला दोन रुपयांची धरली, तर तेवढ्या रकमेत एका माणसाची चाळीस वर्षांची गोळी येते. अर्थात हा हिशेब काहीसा फसवा आहे, कारण एक झटका टाळण्यासाठी अनेकांना गोळी द्यावी लागते. परंतु तीच गोळी लकवाही टाळते. वरचा दाब दहा अंकांनी उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा खर्च कोणत्याच योजनेच्या जमाखर्चात नीट दिसत नाही. तो घरच्या सुनेच्या बुडालेल्या मजुरीत दडलेला असतो.

मग गोळी घेतली का जात नाही? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. पण शून्य किमतीची वस्तू फुकट असतेच असे नाही. आरोग्य केंद्रात जाण्याचा दिवस म्हणजे एक बुडालेला रोज, वर गाडीभाडे. त्यातून साठा संपला असेल तर हेलपाटा दुप्पट. ज्याला काही दुखतच नाही त्याने ही किंमत महिन्यामागून महिना मोजावी, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे. त्याला अडाणी ठरविणे सोपे. त्याचा हिशेब मात्र चुकीचा नाही.

शेजारच्या वर्धा जिल्ह्याचा अनुभव येथे उपयोगी पडावा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात वर्ध्याचा समावेश होता. ठरावीक औषधे, अखंड साठा, घराजवळ फेरतपासणी आणि गैरहजर रुग्णाचा पाठपुरावा, एवढाच त्याचा गाभा; देशभरात त्यात नोंदलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दाब आटोक्यात आला. महागावात हेच करायचे तर फुलसावंगीच्या किंवा गुंजच्या माणसाला केंद्रात बोलावण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी बाजारातच दाब मोजावा, आणि ज्यांचा दाब स्थिरावला आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. यातला एक वाटा मृगाच्या आधी हातात पडला पाहिजे. पेरणी सुरू झाली की दिवाळीपर्यंत दवाखान्याकडे फिरकायला कुणाला सवड होत नाही.