का सोडलीत?

‘आधीची नोकरी का सोडलीत?’ या प्रश्नाला ‘ठरलेलं लग्न का मोडलं?’चा वास येतो. खरं सांगावं तर चहाडी, गप्प बसावं तर संशय. हिंजवडीतल्या एका मुलाखतीत मी ‘नवी आव्हानं हवी होती’ असं ठोकून दिलं. (तारखांबाबत मात्र ठोकू नये. पीएफला २०१४पासून यूएएन हा एकच नंबर आहे. कुठे कधी लागलात, कधी सुटलात, सगळं त्यात दिसतं. साहेबाचा स्वभाव तेवढा दिसत नाही.) समोरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. ‘पगार थकला होता का?’ दोन महिन्यांचा थकला होता. मी मान हलवली. ‘मग तसं सांगा की! आमच्याकडे सात तारखेला होतो.’