प्रकाशाची वाट कोण ठरवतो?

३० जानेवारी २००८. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदराजवळ समुद्रतळाशी टाकलेल्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या. घटना घडली भूमध्य समुद्रात, पण इंटरनेट मंदावले ते भारतातही. युरोपकडे जाणारी वाट बंद होताच कंपन्यांनी बरीचशी वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरामार्गे वळवली. पण अशी पर्यायी वाट शोधून काढतो कोण?

केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून संदेश प्रकाशाच्या रूपाने धावतो. एकाच तंतूत निरनिराळ्या तरंगलांबीचे, म्हणजे जणू निरनिराळ्या रंगांचे, अनेक किरण एकमेकांत न मिसळता जातात. असे असंख्य तंतू शहराशहरांना जोडतात आणि त्यांचे जाळे तयार होते.

जाळ्यातली सर्वांत जवळची वाट शोधण्याची युक्ती डच गणितज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांना १९५६ साली सुचली. ॲमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर ते कॉफी प्यायला बसले आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, त्यांनी ती मनातल्या मनात रचली. युक्ती साधी आहे : निघण्याच्या गावापासून सर्वांत जवळचे गाव पक्के करायचे, मग त्यानंतरचे जवळचे, असे करत मुक्कामापर्यंत पोचायचे.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. वाटेत रंग बदलण्याची सोय नसेल, तर एकच रंग प्रत्येक टप्प्यावर मोकळा असावा लागतो. मुंबईहून कोलकात्याला निघालेल्या प्रवाशाला मध्येच जागा बदलायची नसेल, तर त्याला तोच बर्थ शेवटपर्यंत रिकामा हवा. हे तसेच आहे.

दुसरी अडचण माणसांची. मुंबईहून पॅरिसला जाणारा संदेश तीन-चार कंपन्यांच्या जाळ्यांतून जातो आणि कोणतीही कंपनी आपला अंतर्गत नकाशा दुसरीला दाखवत नाही. यावर ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ या संस्थेने तोडगा काढला. मार्ग मोजण्याचे काम स्वतंत्र संगणकाकडे सोपवण्याचा आराखडा २००६ साली प्रसिद्ध झाला, तर २००९ साली उलट्या बाजूने मोजण्याची रीत आली. मुक्कामाच्या जाळ्यातला संगणक आपल्या प्रत्येक प्रवेशद्वारापासून मुक्काम किती दूर, एवढेच आधीच्या जाळ्याला कळवतो. ते जाळे त्यात आपले अंतर मिळवून बेरीज मागे धाडते. शेवटी निघण्याच्या ठिकाणी सर्वांत कमी बेरजेची वाट निवडली जाते. नकाशा कुणाचाच उघड होत नाही, तरी सर्वांचे काम होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन वाटा कागदावर वेगळ्या असल्या, तरी त्यांचे तंतू एकाच चरातून जात असतील, तर खोदकामाचा एकच घाव दोन्ही तोडतो. म्हणून एकत्र तुटू शकणाऱ्या दुव्यांची नोंद ठेवून, राखीव वाट त्यांना टाळून काढतात. २००८ साली एकाच बंदराजवळच्या दोन केबल तुटल्या, तेव्हा या खबरदारीचे मोल जगाला कळले.

हाच नियम घरालाही लागू आहे. मुलांचा अभ्यास किंवा दुकानाचा हिशेब थांबू नये म्हणून दोन कंपन्यांची कनेक्शने घेतली, पण दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील, तर खांब पडताच दोन्ही बंद. दुसरे कनेक्शन घेण्यापूर्वी त्याची तार कुठून येते, हे विचारून घेतलेले बरे.