लहान गिअरची लाज कशाला?

आपल्या पार्किंगमध्ये बाइक्सच्या गर्दीत आता चार-दोन रोड बाईकही दिसायला लागल्या आहेत. वाकडं हँडल, बोटाएवढे टायर, आणि भोवती जमलेले आठ-दहा जण. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला घेतली? वजन किती? कार्बन आहे का रे? पण खरा प्रश्न कुणीच विचारत नाही : पुढे किती दाते, मागे किती दाते?

गंमत बघा, आपण गिअर ट्रेनचं गणित परीक्षेत झोपेतही सोडवू. वायवाला व्हेलॉसिटी रेशो विचारला तर धडाधड सांगू. आणि स्वतःच्या पायाखालचा गिअर रेशो मात्र दुकानदार सांगेल तो! माझं मत थोडक्यात सांगतो. आपल्याकडे बहुतेक जण रोड बाईक घेतात ती गरजेपेक्षा जड गिअरची, आणि त्याचं कारण इंजिनिअरिंग नाही, इभ्रत आहे.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. पायडलजवळची मोठी दातेरी चकती म्हणजे चेनरिंग, आणि मागच्या चाकावरचा चकत्यांचा गठ्ठा म्हणजे कॅसेट. पुढे ५० दाते आणि मागे २५ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरतं. रोड बाईकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेरीत सायकल ४.२ मीटर पुढे. पुढची चकती मोठी किंवा मागची लहान केली की गिअर जड होतो; उलट केलं की हलका. संपलं, एवढंच शास्त्र.

आता आमच्या हॉस्टेलवरच्या एका मित्राची गोष्ट. इंटर्नशिपचा स्टायपेंड साठवून गड्याने सेकंडहँड रोड बाईक घेतली. पुढे ५३-३९, मागे ११-२५. विकणाऱ्याने सांगितलं, "रेसिंगचा सेट आहे, टॉप स्पीड बघाच!" टॉप स्पीड त्याने पाहिलाही असेल, पण सिंहगडाच्या पायथ्यापासून पार्किंगपर्यंतच्या नऊ-दहा किलोमीटरच्या घाटात तीन वेळा उतरून सायकल ढकलली. पुढच्या दोन रविवारी तेच. मग गुडघा दुखायला लागला, आणि महाशयांनी निष्कर्ष काढला, "आपला स्टॅमिनाच नाही यार." सायकल आता खोलीत भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात.

त्याचा स्टॅमिना ठीक आहे. आकडेच मांडू ना, एवीतेवी आपण इंजिनिअर होणार आहोत!

समजा स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो. चढ आठ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. सिंहगडाच्या रस्त्यावर असे आणि याहून उभे टप्पे आहेत. नियमित सायकल चालवणाऱ्या मुलाच्या पायांतून बराच वेळ १६० वॅट निघाले, तर या चढावर त्याचा वेग येतो ताशी साधारण ९ किलोमीटर. म्हणजे मिनिटाला दीडशे मीटर. हा वेग गिअर ठरवत नाही. तो वजन, चढ आणि पाय यांनी ठरवलेला आहे. गिअर ठरवतो ते एवढंच, की या वेगाला पायडल किती वेळा आणि किती जोराने मारायचं.

मित्राचा सर्वात हलका गिअर ३९ ला २५. एका फेरीत सुमारे ३.३ मीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४६ फेऱ्या. त्याऐवजी पुढे ३४ आणि मागे ३४ असते तर एका फेरीत २.१ मीटर, म्हणजे मिनिटाला ७१ फेऱ्या. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर हाच जोर मोजला तर पहिल्या सेटमध्ये पायडलवर सरासरी वीस किलोचा दाब लागतो, दुसऱ्यात तेरा किलोचा. तोच घाट, तोच वेग, तोच मुलगा. फेऱ्या जास्त माराव्या लागतात हे खरं. एकूण काम काही कमी होत नाही. पण जिममध्ये तेरा किलो जास्त वेळा उचलणं आणि वीस किलो कमी वेळा उचलणं यात थकवा कुठे आधी येतो, हे ज्याचं त्याने करून पाहावं. शिवाय उभ्या टप्प्यावर ४६ च्या ३५ फेऱ्या होतात, सायकल डुलायला लागते, आणि मग उतरावंच लागतं.

मग लोक असा सेट का घेतात? कारण हलका गिअर म्हणजे कमीपणा, अशी एक समजूत आहे. ही समजूत फार जुनी आहे बरं का! १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणारे हेन्री देग्रांज यांचं मत होतं की गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. शर्यत जिंकायची ती स्नायूंच्या जोरावर. त्यामुळे बिचारे स्वार डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे (दुसऱ्या बाजूला मोठी चकती असायची) आणि मग चढायला लागायचे. डिरेलरला त्या शर्यतीत परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये. पुढे काय झालं? कुणाचीही मर्दानगी कमी झाली नाही. सगळेच गिअर वापरू लागले.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. पहिला आक्षेप टॉप स्पीडचा. ५३ ला ११ वर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ५५ किलोमीटर होतात. ५० ला ११ वर ५२. हा तीन किलोमीटरचा फरक भोगायला उतारच लागतो, आणि कात्रजच्या उतारावर ट्रकच्या मागे ५२ च्या वर पायडल मारणाऱ्याला गिअरची नाही, देवाची गरज आहे!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अकरा चकत्यांच्या ११-२५ कॅसेटमध्ये १५, १६, १७ असे एकेक दात्याचे टप्पे मिळतात. ११-३४ मध्ये १५ नंतर थेट १७. सपाटीवर ग्रुपमध्ये जाताना ९० फेऱ्यांवरून एकदम ७९ वर यावं लागतं आणि लय मोडते. सोलापूरच्या सपाट रस्त्यावर चालवणाऱ्याला किंवा खरोखर रेस करणाऱ्याला हे खटकेल, आणि त्याने जवळच्या टप्प्यांची कॅसेट जरूर घ्यावी. पण ज्याच्या रविवारात कात्रज, सिंहगड नाहीतर वरंध आहे, त्याने लय मोडण्यापेक्षा गुडघा मोडण्याची काळजी करावी.

म्हणून माझा हिशोब उलटा आहे. सगळे वरून सुरुवात करतात, टॉप स्पीडपासून. तुम्ही खालून करा. आपल्या नेहमीच्या रस्त्यावरचा सर्वात उभा चढ धरा, तिथे आपला वेग किती पडतो ते पाहा आणि त्या वेगाला निदान ६०-७० फेऱ्या पडतील असा गिअर आधी नक्की करा. बाकीचं आपोआप ठरतं. बहुतेकांचं उत्तर पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ असं येईल.

सेकंडहँड घेताना दोन गोष्टी पाहाच. जुन्या रेसिंग क्रँकच्या बोल्टचं वर्तुळ १३० मिलिमीटरचं असेल तर त्यावर ३८ पेक्षा लहान चकती बसत नाही. म्हणजे ३४ हवी तर अख्खा क्रँक बदलावा लागतो. ११० चं असेल तर ३४ बसते. दुसरं म्हणजे मागचा डिरेलर. ५०-३४ आणि ११-३४ यांच्यासाठी त्याने ३९ दात्यांएवढी चेन सामावून घ्यायला हवी (पुढचा फरक १६, मागचा २३). आखूड केजच्या डिरेलरला हे जमत नाही. दुकानदार "बसेल हो" म्हणाला तरी बेरीज स्वतः करा.

दोनशे किलोमीटरच्या ब्रेवेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी पंधराच्या आत. तिथे शेवटच्या चढावर कुणी तुमचे दाते मोजायला येत नाही. जो सायकलवर बसून वर पोचतो तो पुढच्या रविवारीही येतो. आणि सायकलिंग म्हणजे शेवटी पुढच्या रविवारी पुन्हा येणंच की!

तेव्हा आज पार्किंगमध्ये जा, वाका आणि आपले दाते मोजा. ज्याची सायकल टॉवेल वाळवते आहे त्याचे तर आधी मोजा.