आवणीच्या दिवसांतले पाहुणे

पॅसिफिक महासागरातील वानुआतू या मेलानेशियन राष्ट्राच्या पेन्टेकॉस्ट बेटावर, कोनफळांच्या नव्या पिकाच्या सुमारास, म्हणजे एप्रिल ते जून या काळात, गावचे पुरुष उंच लाकडी मनोरा उभारून आणि घोट्यांना रानवेली बांधून जमिनीच्या दिशेने उडी घेतात. पावसाचे पाणी पिऊन वेल लवचीक झालेली असते, हाच काय तो त्यांचा आधार. १९७४ साली, तो मुलूख इंग्रज-फ्रेंचांच्या संयुक्त अमलाखाली असताना, राणी एलिझाबेथ यांच्या भेटीनिमित्त ही उडी हंगामापूर्वीच घडवून आणण्यात आली. वेलींना पुरेसा लवचीकपणा आलेला नव्हता, आणि एका माणसाचा प्राण गेला.

पाहुण्याच्या सोयीने गावाचा काळ ठरू लागला म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या कामशेतकरांना इतक्या दूर जाण्याची गरज नाही. कामशेतहून नाणे मावळात, गोवित्री-जांभिवलीकडे जाणारा रस्ता आषाढातल्या शनिवार-रविवारी मोटारींनी भरतो, आणि नेमके तेच दिवस आवणीचे, म्हणजे भातलावणीचे असतात. राबात वाढवलेली रोपे उपटायची, मुळांचा चिखल पाण्यात झटकून त्यांच्या मुठी बांधायच्या, आणि चिखलणी झालेल्या खाचरात वाकून, एकेक पाऊल मागे सरत ती लावीत जायची. उपटलेले रोप फार काळ थांबत नाही, पाऊस उसंत देत नाही, मजुरीला माणूस मिळत नाही. अशा वेळी दहा जण छायाचित्रासाठी ओल्या बांधावरून चालत जातात, हातांनी चिखल लिंपून घातलेला तो बांध फुटतो, आणि खाचरातले पाणी खतासकट खालच्या ओढ्याला मिळते. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईला मान वर करून हसण्याची विनंती होते; तिने नकार दिला तर गावचे लोक तुसडे ठरतात.

या खोऱ्याला परक्यांचे वावडे कधीच नव्हते. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी ज्यांच्यासाठी कोरली गेली ते भिक्षू बाहेरूनच आले होते. कार्ल्याच्या एका सातवाहनकालीन लेखात मामाल, म्हणजे आपल्या मावळ प्रांतीच्या अमात्यास, करजक हे गाव लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठी लावून देण्याची आज्ञा आहे. याहून मोलाची गोष्ट विनयपिटकात नमूद आहे. भिक्षू पावसाळ्यात फिरताना कोवळी हिरवळ आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि ती मान्य करून बुद्धांनी वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचा, नियम घातला. लोकांच्या गाऱ्हाण्यावरून प्रवाशांनीच आपली पावले आवरल्याचा हा दाखला मला फार थोर वाटतो.

आजचे सरकारी हुकूम मात्र पाहुण्याच्याच जिवाची काळजी वाहतात. ३० जून २०२४ रोजी मावळातल्याच भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा पूल कोसळून चार जण दगावले, आणि धबधबे व धरणे यांच्याभोवती बंदोबस्त वाढला. तो आवश्यकच होता, परंतु बांधाची आणि खाचराची बाजू मांडणारे त्यात कोणी नाही.

राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे, त्यामुळे गावात पाहुणे येणारच, आणि त्यांनी यावे असेच मलाही वाटते. मात्र त्यांनी केव्हा यावे, हे ग्रामसभेने ठरवावे. आवणीच्या पंधरवड्यात मोटारी कामशेतलाच थांबाव्यात, पुढे गावचा माणूस मोल घेऊन वाट दाखवील तेवढेच चालावे. ठाकरवाडीत किंवा कातकऱ्यांच्या वस्तीत बोलावल्यावाचून कोणी पाऊल टाकू नये, कारण तेथील झोपडीचे दार कोणासाठीही प्रदर्शनाचे दालन नव्हे. भात कापणीला आले, इंद्रायणी तांदळाचा वास शिवारात भरला आणि घरधन्याला बोलायला सवड झाली, की येणाऱ्याला पडवीत बसवून नव्या तांदळाचा भात वाढणारी घरे नाणे मावळात पुष्कळ आहेत. वाहनतळाच्या पावतीतून जी रक्कम ग्रामपंचायतीकडे जमा होईल, तिच्यातला पहिला हिस्सा फुटलेल्या बांधांच्या भरपाईला लावावा, आणि त्याचा हिशेब चावडीवर वाचून दाखवावा.